अपूच्या वाटेवर: फ्रेम जुळवणीची ताजी नोंद

एकूण फ्रेम 64. नक्की जुळलेल्या 21. मागच्या नोंदीत हा आकडा 24 होता. तो तीनने का घसरला, तिथूनच सुरुवात करतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. अपू नावाच्या मुलाची गोष्ट सांगणाऱ्या 'पथेर पांचाली' (1955) आणि 'अपराजितो' (1956) या सत्यजित राय यांच्या दोन चित्रपटांमधल्या बाहेरच्या चित्रीकरणाच्या फ्रेम मी काढल्या, कागदावर छापल्या, आणि आता ती ती जागा शोधून शक्य तितक्या त्याच कोनातून फोटो काढतोय. बनारसच्या 29, कोलकात्याजवळच्या बोडाल गावाच्या 26 आणि काशफुलांच्या (पांढऱ्या तुऱ्यांच्या उंच गवताच्या) माळाच्या 9. अपूच्या तिसऱ्या चित्रपटाला, 'अपूर संसार'ला (1959), अजून हात लावलेला नाही.

हे सगळं सुरू झालं ते दूरदर्शनमुळे. रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांमधले चित्रपट लागायचे, खाली इंग्रजी अक्षरं धावायची, आणि घरातली मोठी माणसं जेवून आडवी झालेली असायची. मी आणि ताई सतरंजीवर. मी दहा वर्षांचा, ती चौदाची. अक्षरं वाचायचा माझा वेग कमी, म्हणून ती हळू आवाजात मराठीत सांगत राहायची. त्या दुपारी पाहिलेला माळ, पांढरी फुलं, काळा धूर आणि आगगाडी माझ्या डोक्यातून कधी गेलीच नाही. पुढे कितीतरी चित्रपट पाहिले, पण 'ही जागा खरी कुठे असेल?' असा प्रश्न मला फक्त याच चित्रपटांनी पाडला.

आता त्या तीन फ्रेमबद्दल.

'अपराजितो'मध्ये बनारसच्या घराचं ते अरुंद अंगण आठवा. चारी बाजूंनी खोल्या, वर आकाशाचा चौकोन, जिन्याखालचा अंधार. अपूचे वडील हरिहर तिथेच आजारी पडतात. मी बनारसच्या गल्ल्यांमध्ये पूर्ण दोन दिवस त्या अंगणाच्या शोधात घालवले. तीन वाड्यांच्या दारांशी फ्रेम जुळतायत असं वाटलं, आणि मी त्या यादीत टाकल्या. माझा मुख्य पुरावा होता उजेड. त्या अंगणात कुठेही ठाशीव सावली नाही. बनारसच्या खोल, चिंचोळ्या अंगणात थेट ऊन फार थोडा वेळ उतरतं, बाकी दिवसभर वरून फक्त आकाशाचा मऊ उजेड झिरपतो. चित्रपटात अगदी तसाच उजेड आहे, म्हणून मी ठरवून टाकलं की हे खऱ्या घरातलंच चित्रण आहे.

ते घर सेट आहे. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी ते स्टुडिओत उभं केलं, आणि वरून येणारा आकाशाचा उजेड तयार केला छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी. त्यांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणलं, दिवे माणसांवर न रोखता त्या कापडावर मारले, आणि त्यावरून उलटून खाली येणारा उजेड अंगणात पडू दिला. त्या काळी स्टुडिओत दिवे थेट मारायची पद्धत होती. एकेका माणसाच्या दोन-दोन, तीन-तीन सावल्या भिंतीवर पडायच्या आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. 'पथेर पांचाली' सुरू झाला तेव्हा हा माणूस विशीच्या सुरुवातीला होता आणि त्याआधी त्याने चित्रपटाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. दुसऱ्याच चित्रपटात त्याने असा उजेड उभा केला की साठ-सत्तर वर्षांनी मी त्यावरून खऱ्या बनारसमध्ये घर शोधत फिरलो. तिन्ही फ्रेम यादीतून काढल्या. काढताना वाईट वाटलं नाही, उलट ते अंगण आता मी जास्त वेळ बघत बसतो.

यातून एक नियम केला आहे, तुमच्याही कामाचा आहे: घराच्या आतल्या फ्रेम जुळवायला घ्यायच्या नाहीत. 'पथेर पांचाली'तही दिवसाचं बरंचसं चित्रण बोडालच्या घरात झालं, पण रात्रीचे आतले प्रसंग स्टुडिओतले आहेत. दाराच्या चौकटीच्या एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला स्टुडिओ, असं कितीदा तरी होतं.

घाटांचं काम मात्र छान चाललंय. बनारसचे घाट गंगेच्या पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड करून आहेत. सकाळचं ऊन समोरून पायऱ्यांवर येतं. दुपार कलली की सूर्य उंच इमारतींच्या मागे जातो आणि अख्खा घाट सावलीत बुडतो. त्यामुळे फ्रेम हातात घेतली की ती सकाळची की दुपारनंतरची हे लगेच कळतं, आणि सावली कुठल्या पायरीपर्यंत आली आहे यावरून वेळेचा अंदाज अर्ध्या तासाच्या आत बांधता येतो. दुसरी गोष्ट पाण्याची. राय मार्च 1956 मध्ये बनारसमध्ये होते. मार्चमध्ये गंगा खाली गेलेली असते, पायऱ्या उघड्या असतात. मी पहिल्यांदा गेलो तो पावसाळ्यानंतर लगेच, आणि माझ्या निम्म्या फ्रेम पाण्याखाली होत्या. दुसऱ्यांदा मार्चमध्ये गेलो तेव्हा एका सकाळी सहा जुळल्या.

सगळ्यात आवडती जुळणी सुरुवातीच्या पुलाची. 'अपराजितो' उघडतो तो गाडीच्या खिडकीतून, पुलाचे लोखंडी पट्टे झपझप मागे जातायत आणि त्यांच्या फटींतून घाट दिसतायत. हा राजघाटाचा मालवीय पूल, 1887 मधला, आधीचं नाव डफरिन पूल. खालून रेल्वे जाते, वरून रस्ता. तुम्ही मुगलसरायकडून (आता पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन) काशीकडे येत असाल तर डाव्या खिडकीशी बसा. सगळे घाट त्याच बाजूला आहेत. पूल संपायला फार वेळ लागत नाही, तेव्हा कॅमेरा आधीच हातात तयार हवा. मी तीन वेळा ये-जा केली तेव्हा एक फ्रेम धड मिळाली. पट्ट्यांची जाळी आणि मागची घाटांची रांग, दोन्ही एका रेषेत बसली, आणि डब्यात सगळ्यांसमोर माझ्या तोंडून मोठ्याने 'आली!' असं निघून गेलं. शेजारच्या आजोबांना वाटलं काशी आली म्हणून सांगतोय. त्यांनी हात जोडले.

बोडालबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. गाव कोलकात्याच्या दक्षिणेला, गडियाच्या पुढे. आता मेट्रोने कवी नजरुल स्थानकावर उतरलं की पुढे थोडंच अंतर उरतं. 1952 मध्ये ते शहराबाहेरचं खेडं होतं, आज शहराचाच भाग आहे. बांबूची बनं आणि तळ्याकाठच्या वाटा यांवर माझी सगळी भिस्त होती, आणि नेमक्या याच गोष्टी सर्वांत आधी जातात. 26 पैकी 4 जुळल्या, त्याही तळ्याच्या काठाच्या वळणावरून. मिठाईवाला कावड घेऊन पुढे, मागे अपू आणि त्याची मोठी बहीण दुर्गा, त्यांच्यामागे कुत्रा, आणि सगळ्यांचं उलटं प्रतिबिंब पाण्यात, ती फ्रेम माझ्या यादीत 'बहुधा' अशा खुणेने आहे. त्या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे, ती कळल्यापासून मी तो थांबवून थांबवून पाहतो. पैशांअभावी चित्रीकरण मध्ये खूप महिने रखडलं, आणि त्या काळात मिठाईवाल्याचं काम करणारे गृहस्थ वारले. पुढच्या शॉटमध्ये दुसरा माणूस आहे, म्हणून तो पाठमोराच दिसतो. कुत्राही मेला होता, पण त्याच्याजागी दुसरा दिसतो तो वेगळ्या प्रसंगात. एका मिनिटाच्या आत माणूस बदलतो, आणि आपल्याला कळतही नाही.

(बोडालला जाणार असाल तर एकच विनंती. लोक तिथे राहतात. अंगणात डोकावायचं नाही, विचारल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही.)

आता माळ. 9 फ्रेम, जुळलेली एकही नाही. तरीही या नोंदीत मला सर्वांत जास्त याबद्दलच लिहायचं होतं.

आधी जागा. 'पथेर पांचाली'त मुलं घरातून निघतात आणि चालत चालत रुळांपाशी पोचतात. खरं पाहिलं तर बोडालचं घर आणि तो माळ यांत शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. माळ हावडा-बर्धमान मेन लाइनवर, पालसिट-शक्तिगढच्या पट्ट्यात. आणि जसं अंतर तसाच काळही. रायांनी चित्रीकरणाचा मुहूर्त याच माळावर केला, 27 ऑक्टोबर 1952 रोजी. अर्धा प्रसंग झाला, पुढच्या आठवड्यात सगळे परत आले तर गुरांनी काशफुलं खाऊन टाकलेली. काश पावसाळा सरताना फुलतो, शरद ऋतूत. उरलेला प्रसंग पुढच्या वर्षी फुलं आल्यावर घेतला. म्हणजे अपू काशातून चालत निघतो आणि रुळांपाशी पोचतो त्यात मध्ये एक वर्ष गेलंय. गाडीही एक नाही, तीन वेगवेगळ्या गाड्यांचे शॉट जोडलेले आहेत. धूर काळाभोर यावा म्हणून युनिटमधला एकजण आधीच्या स्टेशनवर इंजिनात चढायचा आणि नेमक्या वेळी कोळसा टाकायला लावायचा.

त्या पहिल्या दिवसाची आणखी एक गोष्ट. अपूचं काम करणाऱ्या मुलाला नुसतं चाल म्हटलं तर तो ताठ चालायचा. तेव्हा रायांनी काशात तीन ठिकाणी माणसं लपवली. ती ठरल्या वेळी त्याला हाका मारायची आणि तो मान वळवायचा. वाटेत काटक्या पसरल्या, म्हणजे पाय उचलून टाकावा लागेल. तो थबकतो, इकडेतिकडे बघतो, पुन्हा निघतो, ते असं झालंय.

मी आणि ताई मागच्या ऑक्टोबरात पालसिटला उतरलो. तिला बरोबर न्यायचं माझ्या मनात खूप वर्षांपासून होतं. हातात छापलेल्या नऊ फ्रेम होत्या. त्या इतक्या स्पष्ट आहेत याचं श्रेय नव्या प्रतीला. मूळ निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनच्या एका लॅबमधल्या आगीत होरपळल्या होत्या. इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी जळक्या रिळांमधून जे वाचवता आलं ते वाचवलं, आणि 2015 मध्ये नवी प्रत आली. टीव्हीवर जो करडा पसारा दिसायचा त्यात आता काशाचं एकेक पातं मोजता येतं.

ताईने गाडीची फ्रेम हातात घेतली आणि म्हणाली, "यात दुर्गा कुठाय?"

"मागे असेल. दोघं धावत येतात ना."

"अरे, ती पडते. धावताना अडखळून पडते. गाडी जवळून बघतो तो अपू एकटा. मी तेव्हा तुला सांगितलं होतं की."

मला हे अजिबात आठवत नव्हतं. तीस वर्षं माझ्या डोक्यात दोघंही रुळांपाशी उभी होती, हातात हात घालून. फोनवर तिथेच तो प्रसंग लावला. ती खरंच पडते. अपू चढावर धावत जातो, आणि मग कॅमेरा रुळांच्या पलीकडे जातो. गाडी आपल्या आणि अपूच्या मधून जाते, चाकांच्या फटींमधून तो दिसत राहतो. दुर्गा त्यात नाही. पुढे आजारात ती त्याला म्हणते की बरी झाले की आपण पुन्हा गाडी बघायला जाऊ.

"तुला लहानपणीच कळलं होतं?" मी विचारलं.

"मी मोठी होते ना," ती म्हणाली. "मी तिच्याकडेच बघत होते."

माळ तसा उरलेला नाही. मार्गाचं विद्युतीकरण चित्रपटानंतर थोड्याच वर्षांत झालं, त्यामुळे फ्रेममधल्या मोकळ्या आकाशात आता खांब आणि तारा आहेत. काश मात्र होता. शेतांच्या बांधावर, रुळांच्या उतारावर पट्ट्यापट्ट्यांनी फुललेला. चढाचा कोन फ्रेम क्रमांक 58 शी जवळपास जुळतोय, पण मागे धरायला एकही खूण नाही, म्हणून ती मी यादीत टाकलेली नाही. बर्धमानकडून लोकल येताना दिसली तशी आम्ही दोघं रुळांपासून लांब, बांधावर उभे राहिलो. ताईने ओढणी कानाभोवती गुंडाळली. गाडी गेली. धूर नव्हता, फक्त काश बराच वेळ डुलत होता.

पुढचं काम असं. 58 साठी याच रेल्वेपट्ट्याचे जुने सर्वेक्षण नकाशे पाहायचे आहेत, तेव्हाचे पूल आणि मोऱ्या कुठे होत्या ते कळलं तर चढाची जागा आवळता येईल. कुणाकडे 1950 च्या दशकातला या भागाचा नकाशा असेल तर कळवा. मार्चमध्ये पुन्हा बनारस, उरलेल्या घाटांच्या फ्रेमसाठी. 'अपूर संसार'ची यादी ताई करतेय. तिने सुरुवात जालंगी नदीकाठच्या महेशगंजपासून केली आहे, आणि फ्रेमच्या मागे पेन्सिलीने कोण कुठे उभं आहे ते लिहिते.