दहा रानं आणि एक नाणं

पहिल्या वर्षी माझी पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता) ०.००३ आली, तेव्हा पीएच.डी. सुटलीच असं वाटलं. प्रश्न साधा होता: खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसात) पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, न पेटवता सरीतच ठेवलं तर उसाचं वजन वाढतं का? करवीर तालुक्यात काकांच्या रानात पाचट ठेवलेलं, शेजारच्या रानात पेटवलेलं. दोन्हीकडे उसाचा एकच वाण, को ८६०३२. प्रत्येकी चाळीस ऊस तोलले आणि एक्सेलमध्ये टी-टेस्ट (दोन सरासरींतला फरक तपासणारी चाचणी) लावली.

संख्याशास्त्राच्या मॅडमनी उत्तर बघितलंच नाही.

"रानं किती?"

"दोन."

"मग तुझी निरीक्षणंही दोनच."

हे पचायला मला आठवडा लागला. निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र हवीत, हे या चाचणीचं गृहीतक. एका रानातले चाळीस ऊस एकाच मातीवर, एकाच पाण्यावर वाढलेले. काकांची जमीन मुळातच कसदार असेल तर? तो फरक मी पाचटाच्या खात्यावर जमा केला होता. चारशे ऊस तोलले असते तरी चूक तीच राहिली असती, पी-व्हॅल्यू तेवढी आणखी लहान दिसली असती. मी मात्र वजनांचं वितरण प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराचं, आहे का, याचीच काळजी करत बसले होते.

पुढच्या हंगामात दहा शेतकरी गाठले. प्रत्येकाच्या रानाचे दोन भाग केले. पाचट कुठल्या भागात ठेवायचं ते नाणं उडवून ठरवलं. एक मामा म्हणाले, "विहिरीकडंच्या अंगाला ठेवूया की, पाणी पाजायला सोपं." मी हात जोडले. तिथं पाणी जास्त मिळालं असतं, आणि पुन्हा तोच घोळ.

शून्य परिकल्पना (पाचटानं काहीच फरक पडत नाही) आणि ५ टक्के सार्थकता पातळी (पी-व्हॅल्यू याहून कमी आली तरच ती नाकारायची) तोडणीआधीच वहीत लिहिली. जोडीतल्या फरकांवर चाचणी केली: सरासरी फरक उसामागं ९० ग्रॅम, फरकांचं प्रमाण विचलन (ते सरासरीभोवती किती विखुरलेत) १५०. चाचणीचा आकडा टी १.९० आला, नाकारायला लागत होता २.२६. पी-व्हॅल्यू ०.०९. म्हणजे पाचटानं काहीच फरक पडत नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता ९ टक्के.

"मग पाचट वाया गेलं म्हणायचं?" काकांनी विचारलं.

तसं नाही. शून्य परिकल्पना नाकारता आली नाही, पण ती सिद्धही झाली नाही. ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे खरा फरक ज्या टप्प्यात असू शकतो तो, उणे १७ ते १९७ ग्रॅम आहे. त्यात शून्यही बसतं आणि काकांना हवा तो फायदाही. ९० ग्रॅमचा फरक खरा असेल, तर तो ८० टक्के वेळा हाती लागायला साधारण चोवीस रानं लागतात. यंदा चोवीस नवी घेतेय. जुनी दहा त्यात मिसळायची नाहीत, हेही वहीत आधीच लिहून ठेवलंय.