कासवाच्या चाऱ्याची वही: अकरावी नोंद

अखेर सोंचस हे रानतण चालणाऱ्या चाऱ्याच्या वहीत चढलं. तीन आठवडे लागले, कारण पान तोडलं की पांढरा चीक येतो आणि चीक दिसला की माझा हात थांबतो. युफोर्बिया या विषारी झाडालाही असाच चीक असतो, तो तोंडाला-डोळ्यांना झोंबतो आणि कासवाच्या पोटात जाता कामा नये. पण नुसत्या चिकावरून झाड बाद करता येत नाही. डँडेलियन या पिवळ्या फुलांच्या तणालाही चीक आहे, आणि तो तर पहिल्या पसंतीचा चारा: १०० ग्रॅम पानांत साधारण १८७ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६६ मिलिग्रॅम फॉस्फरस. कवचाला असंच, फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त असलेलं प्रमाण हवं.

म्हणून फुलाची वाट पाहिली. सोंचसला पिवळी फुलं आली, मग पांढऱ्या म्हाताऱ्या उडाल्या. युफोर्बियाला असलं फूल येतच नाही, तीन कप्प्यांचं बारकं फळ धरतं. डँडेलियनची दांडी बिनपानाची आणि टोकाला एकच फूल. सोंचसच्या खोडाला फांद्या फुटतात आणि पानाचा बुडखा कानाच्या पाळ्यांसारखा खोडाला बिलगतो. हे एकदा बोटांनी चाचपून पाहाच, फोटोत नीट कळत नाही.

पहिल्या दिवशी एकच पान दिलं. कासवाने मान लांबवून वास घेतला, कड चावली आणि देठासकट संपवलं. दोन दिवस विष्ठा पाहिली, नेहमीसारखीच घट्ट. मग फुलंही दिली.

प्लांटॅगो हे तण वहीत आधीच पक्कं आहे: पान आडवं ताणून तोडलं की शिरांचे दोरे लोंबतात. तरी कोवळ्या रोपांशी घाई नको. डिजिटॅलिस या विषारी झाडाची कोवळी पानंही जमिनीलगत चक्रासारखी पसरतात, आणि ते विष थेट हृदयावर जातं. त्याची पानं लवदार, शिरांची जाळी असलेली.

क्लोव्हर हा तीन-तीन पानांचा चारा समजून आंबुशी खुडू नका. आंबुशीची पानं बदामी आकाराची, चवीला आंबट, ऑक्झॅलेटने भरलेली. ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून टाकतं, मग ते कासवाच्या अंगी लागत नाही. घोळही त्याच कारणाने क्वचितच देते.

गेल्या महिन्यात एका पट्ट्यातली पूर्ण टोपली फेकून दिली. झाडं ओळखीची होती, पण देठ पिळवटलेले, शेंडे वळलेले. तणनाशक मारल्याची ती खूण. तिथे पुन्हा जाणार नाही.

आता माल्व्हा या रानरोपावर नजर आहे. पानं दिसली आहेत, फूल आल्याशिवाय खुडणार नाही.