तांदळाएवढं

2021चा पावसाळा. दुसरी लाट ओसरत होती आणि आमच्याकडे कोविडनंतर वास गेलेल्यांच्या मेंदूचा एमआरआय अभ्यास चालू होता. मी टेक्निशियन.

मावशी मुंबईच्या ससून डॉकवरून मासळी उचलून विकायच्या. तीन महिने कसलाच वास नाही. दागिने उतरवण्यातच वीस मिनिटं गेली. शेवटची बांगडी साबण लावून निघाली. "लग्नापासून पयल्यांदा हात मोकला झाला," म्हणाल्या.

घ्राणकंद, म्हणजे मेंदूचा वास टिपणारा भाग, नाकाच्या छपरावर, चाळणीसारख्या हाडावर टेकलेला असतो. चेहऱ्याला समांतर घेतलेल्या उभ्या कापात दिसतो तांदळाएवढा: पांढऱ्या पाण्यात राखाडी दाणा. काप दोन मिलिमीटरपेक्षा जाड घेतला की तो हरवलाच. शेजारी सायनसमधली हवा, त्यामुळे तिथलं चित्र वाकतं, सिग्नल गळतो. पेशंटने आवंढा गिळला की पुन्हा पहिल्यापासून. रिपोर्ट करणारे साहेब 'इमेज बरी नाही' म्हणून मोकळे. एकदा स्वतः येऊन काढून बघा म्हणावं.

मग वास. प्लास्टिकच्या नळीतून गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, मध्ये साधी हवा, कारण नाक पटकन सरावतं. वास आला की बटण दाबायचं. गुलाबाला काही नाही. लिंबू, लवंग, काही नाही. निलगिरीला मात्र दरवेळी बटण! मी खूश.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "वास कुठला बाय, थंड लागला."

म्हणजे ती वासाची नस नव्हेच. झोंबणं, गारवा कळवणारी चेहऱ्याची दुसरी नस. मावशींना ते आधीच ठाऊक होतं, त्यांच्या भाषेत. मुशी खराब झाली की अमोनिया नाकाला झोंबतो, तेवढं कळतं. पापलेटचं कळत नाही. ते कल्ले उघडून बघायचं.

"काय दिसला का?"

उजवा दाणा ठीक होता. डावा चपटा. पण तो आजाराने चपटला की आधीपासूनच तसा, कोण सांगणार? ब्रिटनमध्ये 2022 साली 785 जणांचा असा अभ्यास छापून आला, त्यांच्याकडे सगळ्यांचे आधीचे स्कॅन होते. मासळीवाल्या मावशींचा मेंदू कोविडच्या आधी कोण कशाला स्कॅन करतंय? शिवाय नियम आहे, टेक्निशियनने बोलायचं नाही. आणि अभ्यासाच्या स्कॅनचा रिपोर्ट पेशंटच्या हातात पडतोच असंही नाही, हे मला माहीत होतं.

"डॉक्टर सांगतील, मावशी."

"तू बघितलास ना पण?"

बांगड्या ट्रेमध्ये होत्या. ती घट्टवाली आता परत चढेना. मी साबण आणायला उठले.