जुलैतला चापडा

फेब्रुवारीत आंबोलीला दोन रात्री बॅटऱ्या मारत फिरले, एक साप दिसला नाही. वाटाड्या म्हणाला, "ताई, आता सगळं कोरडं. जनावरं कपारीत. पाऊस लागला की या, व्हाळावर बसलेली दाखवतो."

म्हणून जुलैत पुन्हा. धबधब्यावरची गर्दी, गाड्यांतली गाणी, मोटारींची रांग यांवर लिहायची इच्छाच नाही. वर्षाला 7000 मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणारं गाव; खोलीतले कपडे सोडाच, काडेपेटीसुद्धा सादळली होती.

रात्री गमबूट चढवून निघालो. बेडकांचा गलका एवढा, की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. ओढ्याकाठच्या झुडपावर, गुडघ्याच्या उंचीला, तो होता. मलबारी चापडा. हिरवट अंगावर तपकिरी नक्षी, शेवाळलेली फांदीच म्हणाल. तिकोनी डोकं पाण्याकडे. डोळा आणि नाकपुडीच्या मधली, भक्ष्याच्या अंगाची ऊब ओळखणारी खाच बॅटरीत स्पष्ट दिसली. पावसात बेडूक ओढ्यावर जमतात आणि हा त्यांच्या वाटेत नुसता बसून राहतो. (नागपंचमी श्रावणातच का, हे तिथे उगाचच पटलं.)

"तीन दिवस झाले, जागचा हललेला नाही," वाटाड्या म्हणाला. घरच्या पोराचं कौतुक सांगावं तसा.

मग तो बाकीच्यांना उडत्या बेडकाचं फेसाचं घरटं दाखवायला पुढे गेला. मागे मी आणि आमच्यातलाच एक कॅमेरावाला. सापाच्या तोंडापुढे एक काडी आडवी येत होती.

"जरा उजेड धरता?"

धरला. त्याने हात घातला. चापड्यापासून जेमतेम वीतभर. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या 4 सापांच्या विषावर बनते, त्यात हा नाही. हे मला ठाऊक होतं. काडी कट्कन मोडली. मी 'नको' म्हणायला हवं होतं. म्हणाले काय, तर "मलाही पाठवा हं."

फ्लॅश मोजले नाहीत. थोड्या वेळाने चापड्याने वेटोळं सोडलं आणि सावकाश झुडपात उतरला.

फोटो सुरेख आलाय. इथे टाकणार नाही.

दुसऱ्या रात्री झुडूप रिकामं. वाटाड्या बराच वेळ उजेड फिरवत राहिला, मग मोडलेल्या टोकावर थांबला.

"ही काडी कुणी मोडली?"

मी मनगटावरची जळू काढत होते. निघून गेली होती खरं तर, तरी काढत होते.