बाजाराच्या दिवशीची दुसरी भेट

सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी काही वर्षे वैद्यकीय अधिकारी होतो. या भागातील अनेक घरांतले कर्ते पुरुष गलाईच्या व्यवसायासाठी, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामासाठी, तमिळनाडू-केरळपासून उत्तर भारतापर्यंत पांगलेले असतात, आणि सासू-सासरे, मुले, जनावरे व पावसाच्या भरवशावरची शेती सांभाळत बायका गावात राहतात. माझ्या ओपीडीत त्या नियमित येत. मन उदास आहे, असे मात्र त्यांतील एकही बाई आपण होऊन सांगत नसे. डोके जड होते, हातापायांना मुंग्या येतात, छातीत धडधडते, अन्न गोड लागत नाही, आणि शेवटी ‘साहेब, एखादी सलाईन लावा, म्हंजी बरं वाटंल.’

सुरुवातीला मी त्यांना कॅल्शियम, बी-कॉम्प्लेक्स आणि वेदनाशामक गोळ्या देत असे. एका चाळिशीतल्या मावशींचा केसपेपर चाळताना तीन महिन्यांत त्या पाचव्यांदा आल्याचे आणि पाचही वेळा मी जवळपास त्याच गोळ्या लिहिल्याचे लक्षात आले. त्या दिवशी मी त्यांना दोन प्रश्न विचारले: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास किंवा निराश वाटते का, आणि पूर्वी ज्या गोष्टींत मन रमायचे त्यांत आता रमते का? उत्तराआधीच त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

हेच दोन प्रश्न ‘पीएचक्यू-९’ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीच्या सुरुवातीला येतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन, म्हणजे एकूण २७ पर्यंत गुण असतात, आणि १० किंवा अधिक गुण आले तर नैराश्याची शक्यता गंभीरपणे तपासावी लागते. केवळ गुणांवर निदान करू नये. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावेत, दारू किंवा अन्य औषधांची चौकशी करावी, आणि पूर्वी कधी झोपेविनाही प्रचंड उत्साहाचे दिवस आले होते का, हे विचारावे. तसे असल्यास नुसती नैराश्यविरोधी गोळी देणे अपायकारक ठरू शकते.

मावशींना मी फ्लुओक्सेटिन ही नैराश्यविरोधी गोळी लिहून दिली आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. ती माझी चूक होती. या गोळीने पहिल्या काही दिवसांत मळमळ किंवा अस्वस्थता होऊ शकते आणि गुण जाणवू लागायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, हे मी त्यांना सांगितलेच नाही. चौथ्या दिवशी त्यांनी गोळ्या बंद केल्या. शेजारणीने ‘ह्या वेडाच्या गोळ्या हायत, सवय लागती’ असे सांगितल्याचे आमच्या आशाताईंकडून, म्हणजे गावातील आरोग्य स्वयंसेविकेकडून, मला पुढे कळले. सवय लागण्याची भीती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांबाबत रास्त आहे, परंतु फ्लुओक्सेटिनबाबत तिला आधार नाही. मात्र हे समजावून सांगण्याचे काम माझे होते, शेजारणीचे नव्हे.

प्राथमिक केंद्रात मानसिक आजारांचे उपचार ओळखण्यापाशी जितके अडतात, त्याहून अधिक ते या दुसऱ्या भेटीपाशी अडतात, असे माझे मत तेव्हापासून पक्के झाले. क्षयरोगाचा रुग्ण एक खुराक चुकला तरी कोणीतरी त्याच्या दारात जाते. नैराश्याचा रुग्ण आलाच नाही तर तो बरा झाला असे आपण गृहीत धरतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला आणि जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले.

आम्ही एक साधी नोंदवही केली. दुसरी भेट दोन आठवड्यांनी, आणि तीही आठवडी बाजाराच्या दिवशीच ठेवली. बाजाराला निघालेल्या बाईला घरी कारण सांगावे लागत नाही आणि मजुरीही वेगळी बुडत नाही. ती आली नाही तर आशाताई घरी जात, परंतु दारात उभे राहून आजाराचे नाव घ्यायचे नाही, ‘रक्तदाब बघायला आले’ एवढेच म्हणायचे, असे आमचे ठरले होते. गोव्यातील सरकारी प्राथमिक केंद्रांत मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांमुळे अधिक रुग्ण बरे झाल्याचे दिसले होते. आमच्या आशाताईंकडे तसे पूर्ण प्रशिक्षण नव्हते. तरी स्वतःहून विचारपूस करणारे माणूस त्या बायकांना मिळाले.

एक प्रश्न मात्र मी आशाताईंवर सोडला नाही. जीव द्यावासा वाटतो का, हे विचारल्याने तो विचार मनात येत नाही. उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो. उत्तर होकारार्थी आले, तर घरात द्राक्ष-डाळिंबाच्या फवारणीचे औषध कुठे ठेवले आहे, हा माझा पुढचा प्रश्न असे, आणि ते कुलूपबंद करण्याची किंवा घरातून हलवण्याची जबाबदारी मी घरातील एका माणसाला नाव घेऊन देत असे. अशा रुग्णाला एकटे न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे लागते. इतर वेळी ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक उपयोगी पडतो. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या या निःशुल्क सेवेत मराठीतही बोलता येते.

मावशी पुन्हा आल्या त्या आशाताईंसोबत, दीड महिन्यांनी. या वेळी मी खुर्ची जवळ ओढून दहा मिनिटे बोललो आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. दिवाळीला गावी आलेले त्यांचे मालकही एकदा सोबत आले, आणि आता ती जेवते, हसते, तर गोळ्या थांबवू का, असे त्यांनी विचारले. बरे वाटू लागल्यावरही निदान सहा ते नऊ महिने गोळ्या घ्याव्या लागतात आणि नंतर त्या हळूहळू कमी करायच्या असतात, हे मी त्या दोघांना समोर बसवून सांगितले, आणि नोंदवहीत पुढच्या बाजाराची तारीख लिहिली.