करंजतेल, माती आणि चुन्याची निवळी

पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं मी करंजतेलाचं डिझेलसारखं इंधन करण्यासाठी त्यातला ऑक्सिजन काढण्यात घालवली. तेलाच्या वजनात साधारण ११ टक्के ऑक्सिजन असतो, डिझेलमध्ये जवळजवळ नसतोच. तो काढला नाही तर तेल घट्ट राहतं, आणि तापवून फोडलेलं तेल आम्लामुळे धातू खातं.

उत्प्रेरक म्हणून मी कच्छची बेंटोनाइट माती घेतली. तिचे थर पत्त्यांच्या कॅटासारखे असतात. पाण्यात ती छान फुगते, पण भट्टीत घातली की थर एकमेकांवर बसतात आणि आतली जागा संपते. म्हणून थरांमध्ये ॲल्युमिनियमचे खांब उभे करायचे. ॲल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडलं की १३ ॲल्युमिनियम अणूंचा मोठा आयन तयार होतो आणि तो थरांत शिरतो. मी घाई केली तेव्हा चंचुपात्रात नुसता पांढरा गोळा झाला. मग माती धूत बसायचं, धुवणाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटने गढूळपणा येणं थांबेपर्यंत, म्हणजे क्लोराइड निघून जाईपर्यंत. ५०० अंशांना भाजल्यावरही एका थरापासून पुढच्या थरापर्यंतचं अंतर १८ अँगस्ट्रॉमवर (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) टिकलेलं एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांच्या चाचणीत, दिसलं, तेव्हा खूप आनंद झाला होता.

तो आनंद पहिल्याच प्रयोगात गेला. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात, नायट्रोजनखाली ३५० अंशांना या मातीसोबत तेल तापवलं, आणि ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे तेलातल्या सुट्या आम्लाचं माप, ११ वरून ९६ वर! तीनदा टायट्रेशन करून (अल्कली थेंब थेंब घालून) आम्ल मोजलं. तेच उत्तर. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एवढंच विचारलं, "आयआर काढलास का?" आयआर म्हणजे रेणूतले गट ओळखणारा अवरक्त किरणांचा आलेख.

काढला. १७४५ या आकड्यापाशी दिसणारा एस्टरचा (मूळ तेलाच्या रेणूतल्या जोडाचा) पट्टा बसला होता आणि १७१० ला आम्लाचा उभा राहिला होता. म्हणजे काम बिघडलं नव्हतं, अर्धं झालं होतं. तेलाचा रेणू फुटून ग्लिसरॉलच्या सांगाड्याला जोडलेली मेदाम्लं सुटी झाली होती. त्यांच्या टोकाचा, ऑक्सिजन धरून बसलेला कार्बॉक्सिल गट मात्र अजून जागेवर होता. निव्वळ माती पहिली पायरी चांगली करते, दुसरीवर अडखळते. या कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: एकाच वेळेच्या ॲसिड व्हॅल्यूवरून निकाल लावू नका, दर अर्ध्या तासाला नमुना काढा.

पुढे त्याच मातीवर निकेल चढवलं. ॲसिड व्हॅल्यूचा आकडा आधी चढला, मग उतरू लागला. बाहेर येणारा वायू चुन्याच्या निवळीतून सोडला आणि ती दुधाळ झाली. शाळेतलाच प्रयोग, पण इथे तो कार्बन डायऑक्साइड म्हणजे माझ्या तेलातून निघालेला ऑक्सिजन होता. काही ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी होऊनही जातो, ते निवळीला कळत नाही.

माती दर खेपेला कोळशासारखी काळी व्हायची. हवेत ५५० अंशांना जाळून, निकेल पुन्हा हायड्रोजनमध्ये क्षपित करून, म्हणजे ऑक्साइडमधून धातूरूपात आणून, ती परत वापरली.

जीसीत (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीत) सर्वांत उंच शिखर हेप्टाडेकेन या हायड्रोकार्बनचं आलं. करंजतेलातल्या ओलेइक आम्लात १८ कार्बन असतात, यात १७. गेलेला एक कार्बन ऑक्सिजनला सोबत घेऊन गेला होता.