शॉर्ट क्रीक

आज मुद्दाम वाट वाकडी करून हिल्डेल आणि कोलोराडो सिटी बघून आलो. अमेरिकेतल्या युटा-अ‍ॅरिझोनाच्या सीमेवरची, बहुपत्नीत्व पाळणाऱ्या एका पंथामुळे गाजलेली ही जुळी गावं, जुनं नाव शॉर्ट क्रीक. मागे लालभडक कडे, पुढे अवाढव्य घरं, काहींभोवती अजूनही डोक्यावर जाणाऱ्या भिंती. पेट्रोल पंपावर पायघोळ, लांब बाह्यांचा फिकट निळा झगा घातलेली एक बाई दिसली. मीच नजर वळवली. लोक आपल्याला 'बघायला' येतात हे तिला कळत असणारच.

मॉर्मन हा युटात रुजलेला ख्रिस्ती संप्रदाय; त्यांच्या मुख्य चर्चने १८९० मध्ये बहुपत्नीत्व सोडलं. ज्यांना ते पटलं नाही, त्यांचा एक पंथ इथे रुजला. वॉरन जेफ्स हा त्यांचा 'प्रेषित'. १२ आणि १५ वर्षांच्या मुलींना 'पत्नी' म्हणवून केलेल्या अत्याचारांबद्दल २०११ मध्ये टेक्सासमध्ये त्याला जन्मठेप झाली.

मला जास्त छळतो तो इथला तेव्हाचा रोजचा कारभार. घरं, जमिनी पंथाच्या ट्रस्टच्या नावावर असायच्या. प्रेषिताची मर्जी फिरली की नवरा गावाबाहेर आणि त्याची बायकापोरं दुसऱ्याच्या घरी! पोरसवदा मुलांनाही फुटकळ कारणांवरून हाकलायचे. मोजक्यांना डझनभर बायका हव्यात, तर बाकीचे पुरुष कमी व्हायलाच हवेत ना. पोलीसही तेव्हा पंथाचेच, मग तक्रार करणार कुणाकडे?

२०१७ मध्ये हिल्डेलने पंथ सोडून आलेल्या बाईला महापौर केलं. जेफ्ससाठी बांधलेल्या घरात पुढे चक्क पर्यटकांची राहायची सोय झाली. बायको म्हणाली, "राहायचं का एक रात्र?" म्हटलं, नको गं बाई, सेंट जॉर्जला बुकिंग आहे.